दुप्पट वेगाची चुटकी

आमच्या नणंदबाई विद्यापीठात संगीत शिकवतात आणि संध्याकाळी हॉटेलांत, हॉलमध्ये जॅझ गातात. लग्नाआधी सासूबाईंनी मला यातलं पहिलंच सांगितलं होतं. दुसरं भिंतीतून कळलं. सकाळी सकाळी शेजारच्या खोलीत शब्दच नसलेलं "डुबा डाबा" सुरू झालं, आणि मला वाटलं, बाईंना बरं नाही.

पुढे मीच त्यांची पहिली श्रोती झाले. आवाज असा, की हातातलं काम हातातच राहावं. पण नोकरी वर्षानुवर्षं तात्पुरती. विभागप्रमुख नाकाने कांदे सोलणारे. त्यांचं एकच पालुपद, "जे कागदावर नाही, आयत्या वेळी सुचतं, ते शिकवणार काय आणि त्याला गुण देणार कसे?" शेवटी यंदा ठरलं. ताईंनी समितीसमोर वर्ग घेऊन दाखवायचा. जमलं तर कायमची नेमणूक, नाहीतर जॅझचा वर्गच बंद.

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. जॅझमध्ये वेग गाणारी ठरवते. ती चुटक्या वाजवत चार मोजते, की पियानो, बास, ड्रम त्या वेगाने सुटतात. एकदा सुटलं की थांबायचं नाही, हा ताईंच्या वर्गाचा कायदा. आणि त्या दिवशी घाबरून त्यांनीच चुटक्या दुप्पट वेगाने वाजवल्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा! पियानोवाल्याने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि बिचारा सुटला. त्या वेगात शब्द तोंडात मावणं शक्य नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ताईंनी पहिला शब्द धरला, तो सोडायलाच तयार नाहीत. खाली वादकांची पळापळ, आणि वर या निम्म्या वेगात, सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाल्यासारख्या निवांत. तेच गाणं मी घरी शंभरदा ऐकलं होतं. इतकं देखणं कधीच वाटलं नव्हतं.

"हे ठरवून केलंत?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नाही सर. मोजताना चुकले."

खोटं बोलायला काय जात होतं यांचं! मला असा राग आला.

"मग यात शिकवण्यासारखं काय आहे?"

"चुकल्यावर गाणं कसं सांभाळायचं, तेच तर शिकवते. तुम्ही द्या ना वेग. हवा तो द्या."

सरांनी मुद्दाम रेंगाळत चार टाळ्या दिल्या. ताईंनी वर्गातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलीला उभं केलं. दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा, की दुसरी कोणी रडली असती. तिने ती "डुबा डाबा"ने अशी भरली, की बासवाला हसायला लागला. सरांनी पुन्हा टाळ्या दिल्या, या वेळी भलत्याच घाईने. दुसऱ्या विद्यार्थ्याने निम्मे शब्द गाळले, तरी गाणं कुठे अडलं नाही. मी बाकावर बसून चक्क रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "सर, माझ्याकडून नेमणूक कायम. तुमचं काय?"

"कायमच," सर म्हणाले. हात मात्र टाळीसाठी वरच होते. "थांबा हो, अजून एकदाच."