भट्टी सुनेकडे, गल्ला नवऱ्याकडे

बेकरीच्या गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेला गिऱ्हाइकं पावाच्या पुड्याबरोबर एक प्रश्न हटकून विचारत. "काय, काही विशेष?" उत्तर तिला द्यावं लागत नसे. सासूबाई आतल्या दारातून मान बाहेर काढून सांगत, "तयारी चाललीय हो तिची! बिस्किट खाऊ देऊ नका तिला, वजन उतरवायचंय."

तयारी खरंच चालली होती. तिने चहा कमी केला, वजन उतरवलं, किडलेली दाढ काढून घेतली. थायरॉईडची गोळी, फॉलिक अॅसिडची गोळी, पहाटेचं चालणं, काही चुकलं नाही. मूल तिलाही हवं होतं, म्हणून दोन वर्षं ती गप्प राहिली. पण आपल्या शरीराची जाहीर दवंडी पिटली जाते, याची तिने मनात पक्की खूणगाठ बांधली.

नवऱ्याला कोणी काही विचारत नसे. तो भट्टीवर काम करायचा. पाव भाजून झाले की भट्टीला लागून असलेल्या तापलेल्या कट्ट्यावर बैठक मारायचा आणि सिगारेट पेटवायचा. बसून कंबर शेकली की बरं वाटतं, म्हणे. त्याचे वडीलही तिथेच बसत. "बाबा बसायचे, तरी मी झालोच की," हा त्याचा आवडता विनोद.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावलं. तो कुरकुरत गेला. त्याची तपासणी पहिल्यांदाच होत होती. अहवाल बघून बाईंनी त्याला कामाचं विचारलं. कट्ट्याचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"शुक्रजंतूंना उष्णता मानवत नाही. भट्टी बंद, कट्टा बंद, सिगारेट तर बंदच. नवे तयार व्हायला तीनेक महिने लागतात. मग पुन्हा तपासू."

घरी नवाच पेच उभा राहिला. भट्टी घरच्याच माणसाने सांभाळायची, असा त्या घराचा दंडक होता. पीठ मळायला पगारावर ठेवलेले मामा तिथेच म्हातारे झाले होते, पण भट्टीच्या दाराला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता.

"आता भट्टी कोण बघणार?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"मी. घरचीच आहे ना मी?" सून म्हणाली. "आणि गल्ल्यावर हे बसतील."

पहिले पाव करपले, हातही भाजला. पण हळूहळू रंग जमला. गल्ल्यावर मात्र वेगळंच काही शिजत होतं. शेजारच्या शिवणवालीला सगळे रेडिओकाकू म्हणत. तिने पहिल्याच दिवशी सुनेच्या नवऱ्याला गाठलं.

"तू इथे कसा रे?"

"गरम फार होतं आत."

"इतकी वर्षं नाही झालं ते?"

दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. कोणी त्याला खजूर खायला सांगितलं, कोणी सैल पायजमा घालायला. एकदा त्याने बरणीतून बिस्किट काढलं, तर आतून आवाज आला, "अहो, वजन!" रांग खो खो हसली. भट्टीच्या धगीतही सुनेला गार वाटलं.

"लोक फार बोलतात गं," तो एकदा काकुळतीला आला.

"बोलू दे. दोन वर्षं मी ऐकलं, माझ्या अंगाला भोकं पडली नाहीत."

पुढचा अहवाल चांगला आला. आता मुलासाठी प्रयत्न करा, बाई म्हणाल्या; पण दिवस राहिले की सुरुवातीच्या आठवड्यांत फार उष्णता बरी नाही, तेव्हा हिनेही आधीच भट्टी सोडावी.

सासूबाई हरखल्या. "ये बाई बाहेर. भट्टी मामा बघतील."

पिढ्यांचा दंडक एका वाक्यात निकालात निघाला. सुनेने ते ऐकून घेतलं.

"येते. आधी तुम्ही गल्ल्यावर उभं राहून सांगा, तयारी कोणाची राहिली होती ते. माझं सांगायचात त्याच आवाजात."

"डोकं फिरलंय का? लोक कुजबुजतात ते वेगळं, मीच सांगितलं तर मुलाची अब्रू जाईल माझ्या!"

"मलाही होती."

"अगं, वेळ आपलाच जातोय," नवरा म्हणाला.

"जाऊ दे. तुमचे नवे तयार होतच राहतील, बाई म्हणाल्यात."

ती पुन्हा भट्टीकडे वळली. सासूबाईंनी अबोला धरला. वेळ तिचाही जात होता आणि पाळी आली की ते तिला टोचायचं. तरी ती हटली नाही. घराला मूल हवं असेल, तर आधी तिचं नाव धुऊन निघायला हवं होतं.

एका संध्याकाळी, रांग दारापर्यंत गेलेली असताना, सासूबाई बाहेर आल्या. पदर बोटाला गुंडाळत पुटपुटल्या, "सुनेचं सगळं ठीकच होतं. उशीर झाला तो आमच्या मुलामुळे."

रेडिओकाकूचा पुडा हातातच राहिला. नवरा मान खाली घालून पाव बांधत होता.

सून दारात आली. तिने भट्टीचे हातमोजे अजून काढले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग रांगेकडे. आणि खणखणीत आवाजात पुन्हा सांगितलं.

तेव्हा तिने हातमोजे काढून मामांच्या हातात दिले.