कळसूबाईच्या शिड्या आणि दुपारचे ढग

दादाबरोबर डोंगर चढायला लागले तेव्हापासून हवामान बघणं माझं काम. इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी मी, त्या एका विषयावर मात्र ठाम बोलायचे. आदल्या दिवशी तो दारातूनच विचारायचा, "काय म्हणतं हवामान खातं?" मी सांगेन तो शब्द शेवटचा.

लग्नानंतरच्या त्याच्या पहिल्या नवरात्रात कळसूबाईची ओटी भरायला जायचं ठरलं. मी सगळं बघून ठेवलं आणि त्याची वाट पाहत बसले. तो आला, तडक स्वयंपाकघरात गेला आणि वहिनीला म्हणाला, "उद्या पाऊस आहे का गं?"

वहिनी पारनेरची. भाकरी थापता थापता तिनं कोपरानं मोबाईल पुढे ओढला. "लख्ख ऊन दाखवतंय. निवांत निघू."

"आणि तो विजांचा मेसेज आलाय, त्याचं काय?" आईनं विचारलं.

दादा हसला. "अगं, तो सगळ्या जिल्ह्याला येतो. भिंगारमध्ये कधी थेंब तरी पडलाय त्यानं?"

मी मोबाईलमध्ये डोकावले. वर ठिकाण होतं भिंगार, म्हणजे आमचं राहतं गाव. आमच्याकडे ही चूक सगळेच करतात. जिल्हा एकच, पण कळसूबाई पार दुसऱ्या टोकाला. इथे धूळ उडत असते तेव्हा तिकडे आभाळ फाटलेलं असतं. मला आनंद झाला. खरंच झाला.

"वहिनी, हे भिंगारचं आहे," मी दादाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "तिकडे दुपारी विजा आहेत. वाटेत सगळ्या लोखंडी शिड्या. पहाटे चढायला लागायचं आणि दुपारच्या आत शिड्या उतरायच्या."

ती ओशाळेल असं वाटलं होतं. ती पिठाचे हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसली. "अगं बाई! मी तर सगळ्यांना शिडीवरच भाजून काढलं असतं. ताई, मला शिकवा ना हे."

"शिकव गं," दादा म्हणाला. "तुझीही सुटका."

सुटका! मी शिकवलं. पायथ्याच्या बारी गावाचं ठिकाण कसं टाकायचं, विजांचा नकाशा कसा वाचायचा, ढग फुलकोबीसारखा वर चढू लागला की काय समजायचं. तिला एकेक गोष्ट पटकन कळत होती आणि माझ्याजवळचं तेवढं कमी होत होतं.

दुसऱ्या दिवशी ओटी भरून झाली. देवळाबाहेर खिचडीचा डबा उघडला. भंडारदऱ्याच्या बाजूला एक ढग उभा राहत होता.

"दादा, निघू या."

"थांब गं, पाच मिनिटं." प्रत्येक डोंगरावर तो मला हेच म्हणत आला आहे.

वहिनीनं मान वळवून बघितलं. "अहो, फुलकोबी! उठा."

त्यानं डबा बंद केला आणि तो उठला.

शेवटची शिडी उतरून बरंच खाली आलो तेव्हा वर गडगडलं. दादा वळून तिला म्हणाला, "बरं झालं तू बघितलंस."

"ताईंनी शिकवलं म्हणून," ती म्हणाली. इतक्या मोकळेपणानं म्हणाली, की मला तिच्यावर धड रागही धरता येईना. मी पुढे झाले आणि बारी येईपर्यंत त्या दोघांच्या पुढेच चालत राहिले.