छातीपाशी शिवलेला खिसा

कल्पना करा, तुमच्या हातात सलाइनची सिरिंज आहे. समोरच्या माणसाच्या उजव्या बरगड्यांमधून एक बारीक नळी बाहेर आली आहे. तिचं आतलं टोक यकृतातल्या पित्तनलिकेत आहे. नळी तुंबू नये म्हणून सलाइन हळूहळू आत सोडायचं, जोर लावायचा नाही. आणि तो माणूस घटकाभर स्वस्थ बसत नाही.

"अहो, हलू नका!"

"मी कुठे हलतोय? खुर्ची हलतेय."

हे मास्तर, व्यवसायाने शिंपी. सिरिंज धरणारी त्यांची बायको. गाठीमुळे पित्ताची वाट बंद झाली, अंग पिवळं पडलं, खाजेनं जीव नकोसा झाला. गाठीच्या ऑपरेशनआधी कावीळ उतरायला हवी म्हणून डॉक्टरांनी कातडीतून नळी घातली आणि पित्त बाहेरच्या पिशवीत जमू लागलं. खाज थांबली, भूक परतली, मास्तर लगेच मशीनवर!

पण पिशवी मांडीपाशी लोंबायची, पायडल मारताना अडायची, गिऱ्हाइकांच्या नजरेत यायची. मास्तरांनी सदऱ्याला आतून, थेट छातीपाशी, खिसा शिवला आणि पिशवी त्यात सरकवली.

"बघ, कुणाला पत्ता लागतोय का!"

"लागेल कसा? माझ्या ब्लाउजला मात्र हुक लावायला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी पिशवीत जेमतेम चमचाभर पित्त. मास्तर खूश. "वाट मोकळी झाली गं! पित्त आता आतूनच जातंय." संध्याकाळी कापड कापताना अशी हुडहुडी भरली की कात्री हातातून पडली.

इस्पितळात नर्सने सदरा वर केला आणि कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, पाणी कधी चढावर वाहतं का?"

पिशवी नळीच्या वर गेली होती. पित्त आतच तुंबलं आणि जंतुसंसर्ग रक्तात पोचला. ताप उतरला, पण कावीळ पुन्हा चढली आणि ऑपरेशन पुढे गेलं.

आता खिसा कमरेखाली आहे. मास्तर मात्र घातलेली शिवण उसवतात, पुन्हा घालतात, पुन्हा उसवतात. डॉक्टरांनी समजावलं, "स्वतःला दोष देऊ नका. पिशवी खाली ठेवणाऱ्यांनाही ताप येतो. नळी तुंबते, सरकते."

मास्तरांनी मान डोलावली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ते पटलं हो. पण माझं सांगा. खिसा आधीच खाली शिवला असता, तर एव्हाना ऑपरेशन झालं असतं ना?"