बोटांनी बघायचं विमान

बायकोनं विमान करायला घेतलं तेव्हा मी हसलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. आमचं निमोण्याचं घर कांद्यावर चालणारं. ती कारेगावजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावून लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी आल्यावर माझ्या. अशा बाईला पन्नाशीत खेळण्यातलं विमान सुचावं म्हणजे कमाल झाली, असं मी तिच्या तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, "खेळण्यातलं न्हाई. आप्पांसाठी हाय."

आप्पा म्हणजे तिचे वडील. मी त्यांना मामा म्हणतो. ते राहू गावी असतात. तरुणपणी हवाई दलात होते आणि एकाहत्तरच्या लढाईत हंटर नावाच्या लढाऊ विमानाच्या पोटात तोफा आणि त्यांच्या गोळ्यांची पेटी चढवायचं काम त्यांच्याकडे होतं. विमान उतरलं की रिकामी पेटी काढायची, भरलेली बसवायची, चौघांनी तिच्या चार कड्या लावायच्या, की ते पुन्हा आकाशात. पण गावात माजी सैनिकांचा सत्कार असला की मामा सकाळीच मळ्याकडे निघून जायचे. "लढले ते वर बसलेले. म्या निस्ती पेटी बसवली. माझा कसला सत्कार?" एवढंच बोलायचे. वडिलांनी स्वतःला असं मोडीत काढावं, हे बायकोला लहानपणापासून लागलेलं. त्यात काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि माणूस पार गप्प झाला. तिला वाटलं, ते विमान एकदा त्यांच्या हातात द्यावं, म्हणजे निदान स्वतःबद्दल दोन शब्द बोलतील.

पोरानं नेटवरून नकाशे काढून दिले. शिरूरला झेरॉक्सच्या दुकानात त्यांचे तुकडे छापून तिनं ते चिकटवले. खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचं विमान, म्हणजे जवळजवळ तीन फूट लांब. सांगाडा कारखान्याच्या पॅकिंगच्या लाकडाचा. वरचा पत्रा छापखान्यातल्या जुन्या अॅल्युमिनियमच्या प्लेटांचा. त्यातली एक निवडणुकीच्या पत्रकाची होती, त्यामुळे डाव्या पंखाच्या आतल्या अंगाला कपबशीची निशाणी आली. मी पत्रा कापायला बसलो तर पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला. तिनं मला उठवलं आणि चहाच्या कामावर नेमलं.

मामांना बोटांनीच बघायचं होतं, म्हणून तिनं एक युक्ती केली. शिवणकामाच्या दातेरी चाकानं पत्र्यावर आतून हजारो बारीक टिकल्या उठवल्या. पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या रांगा हाताला लागाव्यात म्हणून. रविवारमागून रविवार त्यात गेले. मी चहा ठेवून उभा राहायचो आणि बघत राहायचो. इतकी वर्षं संसार केला, पण या बाईची बोटं कशी चालतात ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मग गोधडीत गुंडाळून विमान राहूला नेलं. प्रत्येक गतिरोधकाला ती माझ्यावर ओरडत होती. मामा ओट्यावर बसले होते. पंखावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"ह्या टिकल्या कशाच्या?"

"रिबिटं हायेत, आप्पा. हाताला लागावी म्हणून उठवली."

"जहाजाला असल्या टिकल्या नव्हत्या," मामा म्हणाले. फौजेतल्या सवयीनं ते विमानाला जहाजच म्हणतात. "अंग गुळगुळीत होतं. हात मासळीवानी सरकायचा. हे दुसरंच कायतरी हाय."

मला असा राग आला की विचारू नका. आंधळ्या माणसाला कळावं म्हणून लेकीनं जीव आटवला आणि याला टिकल्या खुपतात! मी बोलणार होतो, पण बायकोनं हात दाबला. घरी आल्यावर तिनं पक्कड घेतली आणि सगळा पत्रा सोलून काढला. तिची चूक तिनं तशीच काढली जशी ती माझ्या काढते, दयामाया न करता. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसरा पत्रा चढायला अख्खा उन्हाळा गेला. सगळे जोड तिनं घासून असे बसवले की नख अडकेना.

या खेपेला मामांनी विमान मांडीवर पालथं घेतलं. पोटावरून हात पुढे नेला, तोफांच्या चार भोकांशी थांबले आणि मागे आले. "हां. हितं पेटी," म्हणाले. आवाज बदलला होता. मग विमान सुलटं केलं, चाकं चाचपली, काचेचं झाकण उघडलं. आत बसवलेला वैमानिक बोटाला लागला.

"ह्यो वर बसलाय. चाकं खाली हायेत. म्हंजी जहाज आपल्याकडं आलंय."

"व्हय, आप्पा."

"मंग खाली मानसं कुठं हायेत?"

बायकोला हुंदका आवरेना. मीही दुसरीकडे बघितलं, खोटं कशाला सांगू. निस्ती पेटी बसवली म्हणणारा माणूस आता विचारत होता, मानसं कुठं हायेत.

पुढच्या महिन्यात तिनं बोटाएवढी चार माणसं कोरली, विमान एका फळीवर बसवलं आणि पोटाखाली चार बाजूंना ती टोचून उभी केली. एकाच्या डोक्याला रुमाल बांधला, कारण जुन्या फोटोत मामांच्या डोक्याला तसा आहे. मामांनी एकेकाला चाचपलं. रुमालाशी बोट थांबलं.

"ह्यो कोन?"

"तुम्ही, आप्पा."

त्यांनी तो बाहुला उपटला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा मळ्याकडे निघणार. पण ते पोटाखाली चाचपडत राहिले आणि त्याला पुढच्या चाकाजवळ, डाव्या अंगाला उभा केला.

"मी हितं असायचो," मामा म्हणाले. "माझी कडी बसल्याबिगर जहाज हालत नव्हतं."