कागद आला होता

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. आधी बायकोला सांगणार होतो. ती गेली. मग मुलीला सांगायचं ठरवलं. दर दिवाळीला ठरवलं आणि दर दिवाळीला फराळ खाऊन परत आलो. आता वय सत्तरीला टेकलंय. अजून थांबलो तर ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल, आणि मला ते नको आहे.

वसईतल्या ज्या कॉलेजात मी शिपाई होतो, तिथंच अभियांत्रिकी प्रवेशाची कागदपत्रं तपासायचं केंद्र होतं. हॉलमध्ये टेबलं लावलेली. मुलं, पालक, फायली, झेरॉक्स. मी पाणी देत होतो. माझी मुलगी शीतल रांगेत उभी होती. तिचा नंबर आमच्या अधीक्षक साहेबांच्या टेबलावर आला. बावीस वर्षं ज्यांचा चहा मी टेबलावर ठेवला, ते साहेब.

साहेबांनी तिचा जातीचा दाखला उचलला. मोठ्यानं वाचला.

"हिंदू चांभार."

मग मान वर करून मला शोधलं. "अरे, तू कधी बोलला नाहीस! बावीस वर्षं तुझ्या हातचं पाणी पितोय मी."

हॉलमधली कुजबुज थांबली. साहेबांनी फॉर्म उलटून पाहिला. "सिव्हिल पाहिजे होय? चांगलं आहे. चपला शिवणारे आता पूल बांधणार. उसवला तर?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. रांगेतले काही पालक हसले.

मी पण हसलो.

हे लिहायला सगळ्यात जड गेलं म्हणून सुटं लिहिलंय. हातात पाण्याचा ट्रे होता आणि मी हसलो. दात दाखवून.

शीतल हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या आजोबांनी शिवलेलं कधी उसवलं नाही, सर. आणि जात बरोबर वाचलीत. आता मार्क पण तेवढ्याच मोठ्यानं वाचा."

साहेबांनी मार्क वाचले नाहीत. शिक्का मारला. मी ट्रे ठेवला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणालो, "तोंड आवर जरा. मला इथंच नोकरी करायचीय."

तिनं माझ्याकडं बघितलं. दंड सोडवून घेतला.

आता मी कोण होतो ते सांगायला हवं. माझे वडील रस्त्याकडेला बसून चपला शिवायचे. मी शाळा सुटली की त्यांच्यापाशी बसायचो, दोऱ्याला मेण लावून द्यायचो. मोठा झालो आणि ठरवलं, हे कुणाला कळू द्यायचं नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. नोकरीला दाखला दाखवलाच नाही. सेवापुस्तकात नुसतं 'हिंदू' लिहून घेतलं. मनवेलपाड्याच्या चाळीतून पुढं बिल्डिंगमध्ये आलो, तिथंही कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा माझी बायको करायची. दर वर्षी. चेअरमन म्हणायचे, "काकूंच्या हातचा शिरा म्हणजे शिरा!" ते ऐकलं की मला वाटायचं, जिंकलो.

बायको भातशेतीच्या गावातली. तिला हे पटायचं नाही. म्हणायची, "आपन काय चोरी केलीय काय? कशाला लपवायचं?" शीतलचा दाखला तिनंच काढायला लावला. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यासाठी ती एकटी एस.टी.नं आमच्या गावी जाऊन आली. जात पडताळणीचा अर्जही तिच्याच हट्टानं भरला. मी एकच गोष्ट माझ्या मनासारखी केली. पत्रव्यवहाराचा पत्ता घरचा दिला नाही, कॉलेजचा दिला. पडताळणी समितीचं पाकीट बिल्डिंगच्या टपालपेटीत पडलं असतं. खाली बसणाऱ्यांनी ते उलटसुलट करून वाचलं असतं. कॉलेजचं टपाल मात्र मीच घ्यायचो.

पहिल्याच फेरीत शीतलला सीट लागली. घाटावरचं सरकारी कॉलेज, सिव्हिल. पोरीनं उडी मारली. आई आणि ती दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून रडत होत्या. मी दारात उभा होतो. मलाही आनंद झाला होता. खोटं नाही सांगत. झाला होता.

खाली चेअरमन भेटले. "काका, पेढे कुठायत? आपल्या गुणगौरवाच्या बॅनरवर फोटो टाकू पोरीचा. ओपनमधनं ना?"

मी म्हणालो, "हो."

आता सीट टिकवायची तर पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र हवं होतं. अर्ज केल्याच्या पावतीवर फॉर्म चालला होता. पण ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागद नाही दिला तर राखीव सीट रद्द. शीतल रोज विचारायची, "बाबा, व्हॅलिडिटी आली?"

इकडं कॉलेजात साहेबांचा खेळ सुरू झाला होता. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पायातली चप्पल काढली आणि टेबलाखालून पुढं सरकवली. "अंगठा निसटलाय रे. बघ जमतंय का. हात विसरला नसेल."

हात विसरला नव्हता. प्रयोगशाळेच्या मागं बसून मी ती शिवली. पक्की शिवली. आणून त्यांच्या पायाशी ठेवली.

साहेब खूश. म्हणाले, "पोरीची अॅडमिशन होऊ दे, तुझ्या बिल्डिंगीत पेढे घेऊन येतो. सगळ्यांना सांगतो सीट कशी मिळाली ते." हसत म्हणाले. चेष्टा असेल. मला ती चेष्टा वाटली नाही. मला बॅनर दिसला, चेअरमन दिसले, शिऱ्याचं पातेलं दिसलं.

चार दिवसांनी पाकीट आलं. पोस्टमनच्या कागदावर मीच सही केली. उघडलं. प्रमाणपत्र होतं. शिक्का, सही, सगळं जागेवर. मुदतीला आठ दिवस होते.

मी ते प्रयोगशाळेच्या कपाटात, जुन्या जर्नलांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. कुलूप लावलं. घरी जाऊन सांगितलं, "नाही आलं अजून."

कुणी धमकी दिली नव्हती. कुणी हात धरला नव्हता. साहेबांनी अपमान केला, तो खरा. पण पोरीचा कागद दाबला तो मी. हे दोन वेगळे गुन्हे आहेत. इतकी वर्षं मी दुसरा पहिल्याच्या खाली लपवत आलो.

शीतल म्हणाली, "मी स्वतः जाते समितीच्या ऑफिसात. बसून राहते तिथं."

मी म्हणालो, "तू नको. मी रजा काढतो."

दोन दिवस रजा काढली. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि भुईगावला उतरायचो. किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसायचो. ओहोटीला पाणी लांब जायचं, भरतीला परत यायचं. डबा तिथंच खायचो. संध्याकाळी घरी येऊन सांगायचो, "साहेब सीटवर नव्हते." दुसऱ्या दिवशी, "फाईल वर गेलीय." शीतल माझ्या गुडघ्यांना बाम चोळायची. म्हणायची, "किती फिरवतात हो तुम्हाला, बाबा."

मुदत गेली. सीट गेली. खुल्या यादीत तिचा नंबर कुठल्या कुठं होता. तिनं इथंच बी.एस्सी.ला नाव घातलं. पुढच्या वर्षी परत प्रयत्न करू म्हणाली, तेव्हा मी सांगितलं, "आपल्या फाईलमध्ये त्रुटी आहे म्हणे. होणं कठीण आहे." एक खोटं उभं ठेवायला दुसरं लागतंच. बॅनरवर तिचा फोटो आला नाही. चेअरमननी विचारलं, तर म्हणालो, "तिचंच मन बदललं. सायन्सची आवड आहे." ते म्हणाले, "छान."

शिरा होत राहिला.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाली, "त्या कागदाचं शेवटी काय झालं हो?" मी तिची उशी सारखी केली. तिनं परत विचारलं नाही. तिला कळलं होतं का, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

तेव्हापासून घरात मी एकटा. टी.व्ही. लावून ठेवतो, आवाज हवा म्हणून. संध्याकाळी खाली बाकावर तीन-चार म्हातारे बसतो. तेवढीच काय ती बोलणी.

यंदाच्या जुलैमध्ये गच्चीवर गुणगौरव होता. मंडप, माईक, वह्या, ट्रॉफ्या. चेअरमन तेच. एका मुलाला हवं ते कॉलेज मिळालं नव्हतं, त्याच्याबद्दल बोलता बोलता ते म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो, पण काय करणार? आपल्या पोरांच्या सीटा ते लोक खातात."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा म्हातारा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "खरंय की नाही, काका?"

बारा वर्षांपूर्वी मी हसलो होतो. या वेळी तोंड हसायला निघालंही होतं. सवय होती त्याला. मी उठलो. माईक मागितला नाही. आहे त्या आवाजात बोललो.

"ते लोक म्हणजे मी. मी चांभार आहे. माझा बाप रस्त्यावर चपला शिवायचा. तुम्ही बावीस-पंचवीस वर्षं ज्या बाईच्या हातचा प्रसाद खाल्लात, ती त्याची सून. आणि माझ्या मुलीनं कुणाची सीट खाल्ली नाही. तिला स्वतःच्या मार्कांवर, स्वतःच्या हक्कावर मिळालेली सीट होती. ती मी खाल्ली. तुम्हाला घाबरून."

चेअरमन म्हणाले, "काका, बसा, बसा. तुमच्याबद्दल नव्हतं ते. तुम्ही तर आपले."

मी म्हणालो, "नाही. माझ्याबद्दलच होतं."

आणि जिना उतरून खाली आलो. मागून कुणी आलं नाही.

भांडण झालं नाही. कुणी वाईट बोललं नाही. फक्त बाकावर मी गेलो की एकेकाला काम आठवतं. यंदा सत्यनारायणाची वर्गणी मागायला आले नाहीत. लिफ्टमध्ये पोरं "काका" म्हणतात, मोठी माणसं मोबाइल बघतात. ठीक आहे. ज्या शेजारासाठी मी पोरीचा कागद दाबला, तो शेजार एवढाच होता.

पण सांगायचं होतं त्यांना नव्हतं. ज्यांना सांगायची गरज नव्हती त्यांना सांगितलं, आणि जिला सांगायचं तिला नाही.

शीतल गोखिवऱ्याला राहते. शिकवण्या घेते, अकरावी-बारावीचं गणित. जून-जुलैत घरीच मुलांच्या प्रवेशाचे फॉर्मही भरून देते. गुणगौरवानंतरच्या रविवारी गेलो. प्रमाणपत्र शर्टाच्या खिशात घेऊन. निवृत्त होताना कपाटातून काढलं होतं, तेव्हापासून ट्रंकेत होतं.

घरात एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. पडताळणीचा कागद आला नाही म्हणून घाबरलेली. शीतल तिला समजावत होती. मला बघून उठली.

"या बाबा! ताई, हे माझे बाबा. माझी सीट व्हॅलिडिटीपायी गेली ना, तेव्हा यांनी काय कमी खेटे घातले? रजा काढून दिवसदिवस बसायचे तिथं. म्हणून सांगते, पाठपुरावा सोडू नका. बाबा, सांगा ना यांना, ऑफिस कितव्या मजल्यावर होतं?"

ती बाई माझ्याकडं आशेनं बघत होती. तिची मुलगी वही-पेन घेऊन.

मी म्हणालो, "तिसऱ्या."

त्या मुलीनं वहीत लिहून घेतलं.

शीतलनं चहा दिला. मी प्यायलो. कागद खिशातच राहिला. निघताना तिनं माझ्या चपला दाराकडं वळवून ठेवल्या.

घरी आल्यावर हे लिहायला बसलो. आज पुरं झालं. या रविवारी परत जाणार आहे. एकांत गाठणार नाही. तिचा अपमान चारचौघांत झाला होता, माझी कबुली आतल्या खोलीत उरकायची नाही. मुलं बसलेली असतील, त्यांचे आईबाप असतील, त्यांच्यासमोर हे पहिल्या ओळीपासून वाचणार. ती बाई असली तर तिला सांगणार, मजला खोडा, मी तिथं कधी गेलोच नाही. शीतल म्हणाली, निघा, तर निघेन. पुन्हा या म्हणायची वाट बघणार नाही.

वाचून झाल्यावर म्हणायचं एक वाक्य मी काल आरशासमोर म्हणून बघितलं. "पोरी, चुकलं माझं." तीन शब्द. दोन झाले. तिसरा तोंडातून निघाला नाही.