दर्भाचा कावळा
भातात कालवलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला धाकट्या दिराचा गोदाकाठचा दहावा आठवतो. दारू पिऊन गाडी चालवताना तो गेला, आणि सातपूरहून शिफ्ट संपवून सायकलवर घरी निघालेल्या एका कामगारालाही घेऊन गेला. पिंड ठेवला होता, पण कावळा जवळ येईना. रिवाजाप्रमाणे एकेक जण हात जोडून "तुझ्या पोरांना सांभाळू" म्हणत होता. तेवढ्यात त्याच्या लहान मुलीनं मला विचारलं, "काकू, पप्पा कशानं गेले?" चुलत सासरे घाईनं म्हणाले, "देवाची मर्जी, बाळा." माझं डोकंच फिरलं. घरातली सगळी पोरं जवळ घेऊन मी मोठ्यानं सांगितलं, "देवानं काही केलं नाही. पप्पा तुमचे लाड करायचे, ते खरं. पण त्या दिवशी ते पिऊन गाडी चालवत होते. म्हणून ते गेले, आणि तो सायकलवाला काही चूक नसताना गेला." चुलत सासरे ओरडले, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात? कावळा शिवायचा नाही!" खरंच नाही शिवला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माझ्या तोंडामुळेच कावळा शिवला नाही, असं घरात अजून म्हणतात. म्हणू देत. कावळा दर्भाचा करून भागतं, पोरं दर्भाची करून भागत नाही.