रांगेपुढे उभा राहिलेला अँथनी

बेलापूरला आमच्या सोसायटीनं भाडेकरूंच्या फॉर्मवर धर्माचा रकाना टाकला. मी कमिटीत आहे. सही केली नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, टेन्शन कशाला घेता? नुसती माहिती आहे." त्यांना तेव्हा सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

मी लष्करात हवालदार होतो. आमची कंपनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, आफ्रिकेतल्या एका देशात तैनात होती. हे राष्ट्र ख्रिस्ती आहे, असं तिथल्या सरकारनं नुकतंच घटनेत घातलं होतं. मग मतदारयादीची तपासणी निघाली. आमचा दुभाषा मूसा, शाळामास्तर. त्याचं नाव यादीतून गेलं. निवडणूक कचेरीतले साहेब हसून म्हणाले, "टायपिंगची चूक." मी भिंतीवरची यादी स्वतः वाचली. खोडलेली सगळी नावं मशिदीकडच्या वस्तीतली. चूक इतक्या शिस्तीत होत नाही. मी रिपोर्ट दिला. शांतिसेनेच्या मिशननं दबाव आणला, नावं परत आली. सगळं फार सहज झालं. मला ते पटलं नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकावर माझं सेक्शन, म्हणजे दहा जवान, होतं. रेडिओवर नाईक हुद्द्याचा अँथनी, आपल्या वसईचा. सव्वादहाला मूसा आणि वस्तीतले लोक रांगेत लागले. दहा पस्तीसला तिथल्या पोलिसांची पहाऱ्यावरची गाडी निघून गेली. दहा चाळीसला क्रॉसचे झेंडे घेऊन जमाव आला.

अँथनीनं सेट उचलला. "जमाव अंदाजे दोनशे. हत्यारं दिसतायत. ओव्हर."

"होल्ड. फायर करू नका. मदत वीस मिनिटांत. आउट."

आम्ही रांगेपुढे उभे राहिलो. पुढाऱ्यानं अँथनीच्या गळ्यातला क्रॉस पाहिला. "भावा, तू आमचा. बाजूला हो."

"ड्यूटीवर आहे," अँथनी म्हणाला.

झेंड्यांमागून गोळी आली. त्याच्या मानेत लागली. मी हवेत फायरची ऑर्डर दिली; जमाव पांगला. मूसानं जखम दोन्ही हातांनी दाबून धरली होती. अकरा पाचला अँथनी गेला.

केंद्र 'असुरक्षित' ठरवून रद्द केलं. त्या वस्तीचं एकही मत मोजलं गेलं नाही. कुणाला तरी तेवढंच हवं होतं, असा मला आजही संशय आहे.

वसईला त्याच्या आईनं विचारलं, "कोणी मारलं माझ्या पोराला?"

"अतिरेकी होते, आई." पुढचं सांगवलं नाही. नोकरीत अर्धा रिपोर्ट मी तेवढा एकदाच दिला.

आई आता नाहीत. म्हणून पुरा लिहितो. नाईक अँथनीला त्याच्याच देवाचं नाव घेणाऱ्यांनी मारलं. दुसऱ्यांच्या मतासाठी लागलेल्या रांगेपुढून तो हलला नाही.